शिक्षणाचे संशोधन आपणच करायला शिकले पाहिजे!

मोर्चा निघतो. घोषणा होतात. पाच जणांचे शिष्टमंडळ साहेबांच्या दालनात जाते आणि निवेदन देते. निवेदनात लिहिलेले असते की, आमच्या मुलांची शाळेतून मोठ्या प्रमाणावर गळती होत आहे, शासनाने त्वरित लक्ष घालावे, अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल. साहेब निवेदन वाचतात आणि शांतपणे विचारतात, "मोठ्या प्रमाणावर म्हणजे किती? कोणत्या गावात? कोणत्या वर्गात? कधीपासून?" शिष्टमंडळ एकमेकांच्या तोंडाकडे पाहते. निवेदनावर आवक क्रमांक पडतो, शिक्का बसतो आणि कागद फाईलमध्ये जाऊन झोपतो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही तहसील कचेरीत, कोणत्याही जिल्हा परिषदेत हे दृश्य पाहायला मिळेल.

साहेबांचा हेतू चांगला असेल वा वाईट, पण प्रश्न चुकीचा नाही. आम्ही वकिलीच्या धंद्यात आहोत. न्यायालयात हाच प्रश्न रोज विचारला जातो. अन्याय झाला आहे एवढे म्हणून भागत नाही. तो किती, कोणावर आणि कोणाच्या तुलनेत, हे दाखवावे लागते. अन्याय सोसणाऱ्याला तो दिसतोच. पण सोसणे आणि सिद्ध करणे यांच्यामध्ये एक पूल लागतो. त्या पुलाचे नाव संशोधन. तो बांधायला आपल्या चळवळीने शिकले पाहिजे, आणि सुरुवात शिक्षणाच्या प्रश्नापासून केली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संशोधन म्हटले की आपल्या कार्यकर्त्याच्या डोळ्यांसमोर विद्यापीठ, गाईड, पीएच.डी. आणि जाडजूड काळा प्रबंध उभा राहतो. हे काम प्राध्यापकांचे, आपले काम रस्त्यावरचे, अशी विभागणी आपण मनातल्या मनात करून टाकली आहे. ही विभागणी आपल्या महापुरुषांनी केली नव्हती. ती आपल्या सोयीची आहे, पण आपल्या हिताची नाही.

तात्यासाहेब महात्मा जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे प्रत्येक समाजबांधवाला पाठ आहे. त्याआधी ते अहमदनगरला गेले होते आणि तिथल्या अमेरिकन मिशनच्या फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, हे फार थोडे सांगतात. आधी पाहणी, मग कृती! पुढे हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले त्यावर १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख आहे. तेही निवेदनच होते. पण त्यात नुसता आक्रोश नव्हता. शिक्षणासाठी पैसा कोण भरतो आणि त्याचा लाभ कोण घेतो, हा एक प्रश्न त्यांनी धरला. शेतकऱ्याच्या घामातून येणारा महसूल वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर कसा खर्च होतो, शिक्षक कोणत्या जातीतून येतात, शेतकऱ्याच्या पोराला शाळेत काय शिकवले पाहिजे, हे त्यांनी मुद्देसूद मांडले आणि किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. प्रश्न, पुरावा, कारण आणि उपाय असा तो सगळा क्रम आहे.

विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तर हे शास्त्र कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आणले आणि इथल्या मातीत वापरले. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले. महाडच्या सत्याग्रहाच्या आधी अवघे आठ दिवस! त्या भाषणात त्यांनी सरकारच्याच अहवालातून दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि त्याच जनतेकडून दारूवरच्या अबकारीपोटी दरडोई दोन रुपयांहून अधिक वसूल करते, असा हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला.

पुढे त्यांनी समाजाचे चार वर्ग करून आकडे मांडले. प्राथमिक शिक्षणात दर हजार लोकसंख्येमागे प्रगत हिंदूंची मुले ११९, मुसलमानांची ९२, मध्यम वर्गाची ३८ आणि मागास वर्गाची फक्त १८. माध्यमिक शिक्षणात दर लाख लोकसंख्येमागे प्रगत हिंदू ३०००, मुसलमान ५००, मध्यम वर्ग १४० आणि मागास वर्ग १४. कॉलेजात मागास वर्ग जवळजवळ शून्य. या मागास वर्गात अस्पृश्यांबरोबर डोंगरातले आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमातीही होत्या, हे नीट लक्षात ठेवावे.

यात बाबासाहेबांनी काय केले? शाळेत आमची किती मुले आहेत एवढेच मोजले असते तर सरकारने सांगितले असते की, पूर्वी शंभर होती, आता दोनशे झाली, म्हणजे प्रगतीच आहे. बाबासाहेबांनी प्रत्येक आकड्याच्या खाली त्या त्या वर्गाची लोकसंख्या ठेवली आणि चारही वर्ग एका रांगेत उभे केले. तुलना उभी राहिली आणि विषमता उघडी पडली. नवीन आकडा एकही नव्हता. आकडे सरकारचेच होते, प्रश्न बाबासाहेबांचा होता!

पुढच्याच वर्षी, २९ मे १९२८ रोजी, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने त्यांनी सायमन कमिशनला अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयीचे निवेदन दिले. त्यात सरकारची जुनी कागदपत्रे आहेत, आकड्यांची कोष्टके आहेत आणि १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश नाकारलेल्या एका महार मुलाची हकीकतही आहे. धोरणाचा कागद, समाजाची मोजणी आणि एका जिवंत मुलाची गोष्ट, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे पुरावा भक्कम होतो. आजच्या विद्यापीठात यालाच मिश्र पद्धती म्हणून शिकवतात.

हा झाला वारसा. आता आजचे वर्तमान पाहू.

१९ ऑक्टोबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एम. नागराज खटल्याचा निकाल दिला. फुल्यांच्या निवेदनाला त्याच दिवशी १२४ वर्षे झाली होती. त्या निकालापासून मोजता येईल अशी आकडेवारी हा शब्द आरक्षणाच्या प्रत्येक वादात येऊन बसला. ४ मार्च २०२१ च्या विकास गवळी प्रकरणातील निकालानंतर महाराष्ट्रात ओबीसी बांधवांचे राजकीय आरक्षण अडकले, ते शासनाकडे समकालीन आकडेवारी नव्हती म्हणून. १ ऑगस्ट २०२४ च्या दविंदर सिंग निकालानंतर अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा वाद पेटला आहे. कोणी त्याच्या बाजूने असेल, कोणी विरोधात असेल. पण त्याचा फैसलाही शेवटी कोणत्या जातीच्या किती मुलांना कुठपर्यंत शिक्षण मिळाले या आकड्यांवरच येऊन थांबणार आहे. ते आकडे कोण गोळा करणार? ज्यांनी आजवर आपल्याला नीट मोजलेच नाही, त्यांच्या भरवशावर राहायचे काय? केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला, तो स्वागतार्हच आहे. परंतु जनगणना माणसे मोजते. पोरगी सातवीतून का गेली, हे जनगणना सांगत नाही.

दुसरीकडे गावच्या शाळेवर टांगती तलवार आहे. २०१७ च्या डिसेंबरात १० पेक्षा कमी पटाच्या १३१४ शाळांची यादी निघाली. २०२२ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या सुमारे १५ हजार शाळांची माहिती शासनाने मागवली. २०२३ मध्ये समूह शाळांची कल्पना पुढे आली. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले आणि कमी पटाच्या शाळांतल्या शिक्षकांच्या पदांवर टाच आली. या सगळ्याच्या मुळाशी एकच आकडा आहे: पट. शासन म्हणते पट कमी आहे. आपण म्हणतो शाळा बंद करू नका. पट का कमी आहे, हा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. मुलेच कमी आहेत, की मुले आहेत पण दुसरीकडे गेली, की मुले आहेत आणि कुठेच गेली नाहीत?

म्हणूनच आम्ही इथे भंडारदऱ्याचे उदाहरण घेत आहोत. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातले भंडारदरा पर्यटकांना चांगले ठाऊक आहे. पावसाळ्यातले धबधबे, उन्हाळ्याच्या अखेरीचे काजवे, कळसूबाई, रतनगड, सांदण दरी. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. आपलेही कार्यकर्ते सहलीला जातात, फोटो काढतात. पण जलाशयाच्या भोवती फिरताना शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल ही गावे लागतात. महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी बांधवांची ही भूमी, आद्य क्रांतिकारक राघोजी भांगरे यांचा हा तालुका. याच तालुक्याने आपल्या चळवळीला बहुजन शिक्षण संघ उभारणारे दादासाहेब रूपवते दिले.

प्रवरेवरचे विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याला शतक होत आले. धरणाचे पाणी कालव्यांनी खाली संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे गेले. तिथे ऊस उभा राहिला, साखर कारखाने झाले, कारखान्यांच्या आसऱ्याने शिक्षणसंस्था झाल्या, इंजिनिअरिंगची आणि मेडिकलची कॉलेजे झाली. जमीन वरच्यांची बुडाली, ऊस खालच्यांचा पिकला. मग शिक्षण कोणाच्या वाट्याला किती आले? फुल्यांनी १८८२ साली विचारलेला प्रश्न इथे जसाच्या तसा उभा आहे. मात्र हे नीट समजून घ्यावे की, हा अजून प्रश्न आहे, निष्कर्ष नाही. तपासण्याआधीच निष्कर्ष काढणे हे मनुवाद्यांचे काम. तथागतांनी केसमुत्ती सुत्तात कालामांना सांगितले की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा आपल्या गुरूने सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या. हा उपदेश आपल्या आवडत्या मतांनाही लागू आहे.

मग या परिसरातल्या शिक्षणाचे संशोधन करायचे झाले तर त्याचा आराखडा कसा करायचा?

पहिली गोष्ट म्हणजे प्रश्न लहान करायचा. आदिवासींच्या शैक्षणिक समस्यांचा अभ्यास हा विषय नव्हे. तो समुद्र आहे, त्यात बुडायलाच होते. न्यायालय खटला ऐकायला घेण्यापूर्वी वादाचे मुद्दे निश्चित करते. तसे आपण करावे. उदाहरणार्थ: जलाशयाभोवतीच्या नऊ गावांत जून २०१४ मध्ये पहिलीत दाखल झालेल्या मुलामुलींपैकी किती जण मार्च २०२४ मध्ये दहावीच्या परीक्षेला बसले, आणि जे बसले नाहीत ते कोणत्या इयत्तेत गेले? एवढाच प्रश्न. गाव ठरले, वर्ष ठरले, मोजायचे काय ते ठरले. बाबासाहेबांचे शंभरातले अठरा हे गणित याच जातीचे आहे.

दुसरी गोष्ट तुलनेची. नऊ गावांत निम्मी मुले गळाली असे समजा निघाले, तर ते जास्त की कमी? याच तालुक्यातली सखल भागातली, किंवा खाली कालव्यावरची तितक्याच लोकसंख्येची गावे घेऊन तिथेही हेच मोजावे लागेल. त्या गावांतल्या बौद्ध वस्तीतली मुले वेगळी मोजावी लागतील, मुली वेगळ्या मोजाव्या लागतील. असर नावाची पाहणी २००५ पासून देशभर होते. तिच्यात दर जिल्ह्यात ३० गावे आणि दर गावात २० घरे निवडतात. चांगले काम आहे, पद्धत शिकण्यासारखी आहे. पण ती जिल्ह्याचा अंदाज देण्यासाठी बेतलेली आहे. ज्या जिल्ह्यात ऊसपट्टाही आहे आणि घाटघरही आहे, त्या जिल्ह्याच्या सरासरीत घाटघर दिसणार कसे? सरासरी हा गरिबाला लपवण्याचा सर्वात सभ्य मार्ग आहे!

तिसरी गोष्ट म्हणजे आपल्या मताच्या विरुद्धची कारणे आधीच लिहून काढायची. समोरचा वकील काय म्हणेल याचा विचार न करता जो कोर्टात जातो तो हरतो. शाळेचा पट कमी आहे, याचे कारण मुले आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांत राहायला गेली हे असू शकते. मग ती गळती नव्हे. आई-बाप हंगामात कामाला बाहेरगावी गेले म्हणून मूल गैरहजर असू शकते. भात आवणीच्या दिवसांत घरी हात कमी पडतात. पर्यटनाच्या हंगामात पोरे तंबूंवर, खानावळीत कामाला जातात काय, हे तपासावे लागेल. पावसात ओढा चढतो आणि रस्ता तुटतो. शिवाय २०१४ च्या या तुकडीची सहावी संपता संपता टाळेबंदी लागली आणि सातवीचे बहुतेक वर्ष मोबाइलच्या पडद्यावर गेले, म्हणजे ज्याच्या घरी मोबाइल आणि डोंगरात रेंज होती त्याचे. म्हणून कोरोनाच्या आधीची एक तुकडीही घ्यावी. जून २००८ ला पहिलीत आलेली आणि मार्च २०१८ ला दहावीला बसायला हवी होती ती. दोन्ही तुकड्या शेजारी ठेवल्या म्हणजे कोरोनाने काय केले आणि आधीपासून काय चालू होते, याचा अंदाज येईल.

चौथी गोष्ट पुराव्याची साधने. शाळेचे दाखलखारीज रजिस्टर, हजेरीपट, शाळा सोडल्याच्या दाखल्याची स्थळप्रत, शासनाच्या यूडायस नोंदी हे कागद. त्यांच्या जोडीला घरोघरची भेट आणि पालकांची, मुलांची, शिक्षकांची मुलाखत. कागद आणि माणूस दोन्ही लागतात. याच जिल्ह्यातल्या खर्ड्याला २८ एप्रिल २०१४ रोजी एका शाळकरी दलित मुलाचा खून झाला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सारे आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. माणूस दबावाखाली फितूर होतो, वेळेवर लिहिलेला कागद होत नाही. पण कागदही खोटा लिहिला जातो. मूल कामावर असते आणि हजेरीपटावर हजर असते. म्हणून कागदाची पडताळणी माणसाकडून आणि माणसाची कागदाकडून करायची.

पाचवी गोष्ट प्रश्नावलीची. सरतपासणीत वकिलाला सूचक प्रश्न विचारता येत नाही, म्हणजे उत्तर तोंडात घालून प्रश्न विचारता येत नाही. तुमच्या मुलाला गरिबीमुळे शाळा सोडावी लागली ना, असे विचारले की माणूस हो म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी विचारावे: शेवटचा कोणत्या महिन्यात शाळेत गेला? त्या महिन्यात घरात काय चालले होते? दुसऱ्या दिवशी तो कुठे गेला? तसेच भेदभावाचे. तुमच्या शाळेत भेदभाव होतो काय, असे विचारले तर शिक्षक नाही म्हणतील, घाबरून मुलेही नाही म्हणतील. काल वर्ग कोणी झाडला, खिचडी कोणी वाढली, पाण्याच्या टाकीला हात कोणी लावला, पहिल्या बाकावर कोण बसते, एवढेच विचारा आणि नोंदवा. भेदभाव हा शब्दही न उच्चारता तो कागदावर उतरेल.

सहावी गोष्ट अनेकांना विचित्र वाटेल. अहवालातली कोष्टके माहिती गोळा करण्याआधीच आखायची. रिकामी कोष्टके! आडव्या ओळीत इयत्ता, उभ्या रकान्यात मुलगे, मुली, जमात, गाव. जो प्रश्न कोणत्याच रकान्यात बसत नाही तो प्रश्नावलीतून काढून टाकायचा. दावा दाखल करताना शेवटची मागणी काय हे आधी ठरलेले असते, तसेच हे. नाहीतर चारशे फॉर्म भरून आणायचे आणि ते कोणाच्या तरी माळ्यावर पडून राहायचे. मग एका शाळेत आठ दिवस चाचणी घ्यायची, चुकलेले प्रश्न बदलायचे आणि त्यानंतरच बाकीच्या गावांत जायचे.

आता कायद्याची बाजू. हे काम करताना कार्यकर्त्याने कोणाची भीक मागायची नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यातील कलम ९ प्रमाणे आपल्या हद्दीतील १४ वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद ठेवणे, त्याचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणे यावर देखरेख ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे ही स्थानिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. म्हणजे आपण जे शोधू पाहतो ते त्यांच्या दप्तरात असलेच पाहिजे. नसेल तर ते नसणे हाच पहिला निष्कर्ष! प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असा नियम आहे. हे अंतर नकाशावर मोजायचे की जुलै महिन्यात भरलेल्या ओढ्यावरून, हे आपल्या पाहणीने दाखवता येईल. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. या समितीला बरोबर घेतले तर शाळेचे दार आतून उघडते.

कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार अधिनियम २००५ आहे. दहा रुपयांचे शुल्क, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही, आणि तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, म्हणून एका अर्जात सगळी गाऱ्हाणी कोंबू नयेत. मुलांची नावे मागू नयेत. ती कोणी देणार नाही आणि देऊही नयेत. इयत्ता, वर्ष, लिंग, प्रवर्ग आणि दाखल-खारीज तारीख एवढ्यावर आपले काम होते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. आपण ज्यांच्याविषयी संशोधन करतो ती माणसे आपली सामग्री नव्हेत. शतकानुशतके दुसऱ्यांनी आपल्यावर लिहिले, आपल्याला मोजले, आपल्या वस्त्यांचे फोटो काढले आणि पदव्या घेऊन निघून गेले. तेच आपण महादेव कोळी आणि ठाकर बांधवांच्या बाबतीत करणार असू तर आपण काय शिकलो? म्हणून त्यांचे तरुण पाहणीत बरोबरीचे सहकारी असावेत. माहिती घेण्याआधी संमती घ्यावी. भर वर्गात मुलाला उभे करून जात विचारू नये. तो घाव आपल्याला ठाऊक आहे. मुलींशी महिला कार्यकर्तीने बोलावे. अहवाल छापण्यापूर्वी ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि गावाने चूक म्हटले तर पुन्हा तपासावे. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने अस्पृश्य आणि आदिवासी या दोघांचा प्रश्न एकत्र तपासला होता. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते आणि तिचा अहवाल १९३० साली आला. दोघांचे दुःख शेजारी ठेवून पाहण्याची ही परंपरा पुढे खंडित झाली. ती पुन्हा जोडण्याचा हा एक मार्ग आहे.

काही कार्यकर्ते म्हणतील की, घर जळत असताना मोजपट्टी काय घेऊन बसता? आंदोलन सोडून अभ्यास करत बसलो तर शाळा बंद होऊन जातील. आमचे उत्तर सरळ आहे. बाबासाहेबांनी १२ मार्चला आकडे मांडले आणि २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. आठ दिवसांत दोन्ही! त्यांना या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटल्या नाहीत. शोध आंदोलनाची जागा घेत नाही, तो आंदोलनाला दात देतो. शाळा बंद करू नका, असे निवेदन आणि आमच्या वाडीत सहा ते चौदा वयाची इतकी मुले आहेत, पटावर इतकीच आहेत, उरलेली कुठे आहेत त्याची ही यादी, असे निवेदन, या दोन निवेदनांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यावर आवक क्रमांक पडतो. दुसऱ्यावर उत्तर द्यावे लागते आणि उत्तर दिले नाही तर ते उच्च न्यायालयात याचिकेला जोडता येते.

आपल्याकडे माणसे नाहीत असेही नाही. बी.एड., एम.एड. झालेले आपले शेकडो शिक्षक-शिक्षिका आहेत. त्यांनी पदवीसाठी कृतिसंशोधनाची वही लिहिलेली असते, परिकल्पना आणि नमुना निवड हे शब्द त्यांना पाठ असतात. पण ती वही गुणांपुरती असते. फेलोशिपसाठी बार्टीच्या दारात उपोषणाला बसणारे आपले संशोधक विद्यार्थी आहेत. त्यांच्या लढ्यात आपण त्यांच्याबरोबर आहोतच. त्यांनीही आपल्या विषयांची निवड करताना स्वतःच्या तालुक्याकडे एकदा पाहावे. निवृत्त बँक कर्मचारी, तलाठी, ग्रामसेवक हे आपले उपासक आहेत. रजिस्टर कसे वाचायचे हे त्यांच्याइतके कोणाला कळते?

म्हणून आमची सूचना अशी आहे. वर्षभर ठिकठिकाणी होणाऱ्या चिंतन शिबिरांपैकी एक तरी शिबिर भाषणांचे नसावे. ते भंडारदऱ्यासारख्या ठिकाणी तीन दिवसांचे संशोधन शिबिर असावे. तीस जण पुरेत: दहा शिक्षक, दहा कार्यकर्ते आणि दहा त्याच गावांतले तरुण-तरुणी. पहिल्या दिवशी प्रश्न ठरवायचा आणि रिकामी कोष्टके आखायची. दुसऱ्या दिवशी एका गावात जाऊन चाचणी घ्यायची. तिसऱ्या दिवशी प्रश्नावली दुरुस्त करायची, गावे, जबाबदाऱ्या आणि खर्च वाटून घ्यायचा. एसटीचे भाडे, झेरॉक्स आणि वह्या यापलीकडे मोठा खर्च नाही. जयंतीच्या एका मोठ्या साऊंड सिस्टिमच्या भाड्यात कदाचित एका तालुक्याची पाहणी होईल!

शिबिर एप्रिलमध्ये, फुले-आंबेडकर जयंतीच्या आठवड्यात घ्यावे. शाळेचे कागद सुट्टी लागण्याआधी पाहावेत. मे महिन्यात कामाला गेलेली कुटुंबे कुठे आहेत त्याची नोंद घ्यावी. जुलैत, आवणीच्या आणि पुराच्या दिवसांत, हजेरी प्रत्यक्ष पाहावी. ऑक्टोबरपर्यंत कोष्टके भरावीत, ग्रामसभेत वाचन व्हावे आणि १९ ऑक्टोबरला, फुल्यांच्या निवेदनाच्या दिवशी, अहवाल जिल्हा परिषदेत द्यावा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपण पोते भरून पुस्तके विकत घेतो. त्या स्टॉलवर एका तालुक्याच्या शाळांचा, आपल्याच पोरांनी केलेला चाळीस पानांचा अहवाल दिसला पाहिजे.

दुःख आहे, दुःखाला कारण आहे, कारण नाहीसे केले की दुःख नाहीसे होते आणि त्यासाठी मार्ग आहे, हे तथागतांनी सांगितले. आपण बहुतेक वेळा पहिल्या सत्यावरच थांबतो. दुःख आहे, हे सांगून आपला घसा बसला. कारण शोधण्याचे काम अजून बाकी आहे. शिका या आदेशात तेही आले.

ज्या तालुक्यातले कार्यकर्ते, शिक्षक हे काम हाती घेतील, त्यांनी कलम ९ चा पहिला अर्ज याच आठवड्यात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा. एका कोऱ्या कागदापासून सुरुवात होते.

जयभीम!